जेट प्रवासी विमाने आणि ठाणे-कल्याणचे आकाश

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली भारतातील पहिली प्रवासी आगगाडी सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर ५७ मिनिटांत कापून ठाण्यास पोहोचली. पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, हाच लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. खाडीच्या काठावरील या दोन जुन्या बंदरांचे जीवन त्या घटनेने कसे पालटले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २ मे १९५२ रोजी, लंडनहून जोहान्सबर्गकडे जगातील पहिले नियमित जेट प्रवासी विमान निघाले. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर या वेगाने सव्वादोन मिनिटांचे ठरते.

वेगातील ही क्रांती केवळ यंत्राचा पराक्रम नव्हे. जेट विमानाने तिघांवर नवी जबाबदारी टाकली. पहिला म्हणजे ज्या धातूचे विमान घडते तो धातू, दुसरा ते चालविणारा वैमानिक आणि तिसरी ज्या भूमीवरून ते उडते व उतरते ती भूमी. या तिघांपैकी कोणीही कमी पडला की त्याची किंमत मनुष्यहानीच्या रूपाने द्यावी लागली आणि त्या प्रत्येक हानीतून एखादा नियम जन्मास आला. मुंबईकडे येणारी-जाणारी अनेक विमाने ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसराच्या आकाशातून जातात. जेटयुगातील काही महत्त्वाच्या घटना या जिल्ह्यात आणि त्याच्या सीमेवरील डोंगरांत घडल्या आहेत. त्या दृष्टीने हा इतिहास येथील शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि स्थानिक संस्थांच्या सदस्यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

जेट इंजिनाचे तत्त्व

तोंड न बांधता सोडून दिलेला फुगा मागे हवा फेकत पुढे धावतो. दिवाळीतील बाण खाली वायू सोडत वर जातो. प्रत्येक क्रियेस तितकीच व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा तिसरा नियम दोन्हींच्या मुळाशी आहे. जेट इंजिनाचे कार्य याच नियमावर आधारलेले आहे. इंजिनाच्या तोंडाशी हवा आत ओढली जाते. फिरत्या पात्यांच्या रांगा ती दाबून घट्ट करतात. दाबलेल्या हवेत केरोसीनच्या जातीचे इंधन फवारून जाळले जाते. तप्त वायू प्रचंड वेगाने मागे निघतो आणि विमान पुढे ढकलले जाते. बाहेर पडता पडता हा वायू एक टर्बाइन फिरवितो व त्या टर्बाइनच्या बळावर पुढील दाबपाती फिरत राहतात.

इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल यांनी या कल्पनेचे पेटंट १९३० साली घेतले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या इंजिनावर २७ ऑगस्ट १९३९ रोजी पहिले जेट विमान उडाले. व्हिटल यांच्या इंजिनावरील विमान मे १९४१ मध्ये आकाशात गेले. दुसऱ्या महायुद्धात हे तंत्र लढाऊ विमानांपुरते राहिले. युद्ध संपताच ते प्रवासी वाहतुकीस लावण्याचे प्रयत्न सुरू झाले.

जेट इंजिन विरळ हवेत, म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवर, अधिक काटकसरीने चालते. त्या उंचीवर बाहेरील तापमान शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास असते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे एकचतुर्थांश असतो. मनुष्य तेथे श्वास घेऊ शकत नाही. म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरावी लागते. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. या साध्या वाटणाऱ्या क्रियेनेच जेटयुगाला पहिला कठोर धडा दिला.

कॉमेट : पहिले पाऊल आणि पहिला धडा

ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे कॉमेट हे जगातील पहिले जेट प्रवासी विमान होय. २७ जुलै १९४९ रोजी जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने त्याचे पहिले चाचणी-उड्डाण केले. १९५२ च्या मे महिन्यात ते ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनच्या सेवेत दाखल झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन-कोलंबो मार्गावर मुंबईसही येऊ लागले. पंख्याच्या विमानांचा थरथराट आणि घरघर यांची सवय असलेल्या प्रवाशांना त्याची शांत, सुखद गती नवलाची वाटली.

हे कौतुक फार काळ टिकले नाही. २ मे १९५३ रोजी, म्हणजे सेवेच्या पहिल्या वाढदिवशीच, कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून काही मिनिटांतच कोसळले व त्यातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. १० जानेवारी १९५४ रोजी इटलीजवळ एल्बा बेटानजीक दुसरे कॉमेट निरभ्र हवेत मोडून समुद्रात पडले. त्यात ३५ जण दगावले. तीन महिन्यांनी, ८ एप्रिल १९५४ रोजी, नेपल्सजवळ तिसरे गेले व २१ जणांचा अंत झाला. त्यानंतर कॉमेट विमानांची सर्व उड्डाणे बंद करण्यात आली.

पुढे जे झाले ते विमानविद्येच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरले. एल्बाजवळ समुद्रतळाशी गेलेले अवशेष ब्रिटिश नौदलाने वर काढले. फार्नबरो येथील संशोधन केंद्रात सर आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली ते तुकडे जुळविण्यात आले. त्याच वेळी सेवेतील एक कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्याच्या आतील दाब पुनःपुन्हा वाढविण्यात व कमी करण्यात आला. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतील आवर्तने मिळून ३,०५७ वेळा ही क्रिया झाल्यावर त्या विमानाचे अंग फाटले. तार एकदा वाकविली तर तुटत नाही, परंतु त्याच जागी वारंवार वाकविली तर तुटते. तसाच थकवा विमानाच्या पत्र्यालाही येतो, हे या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध झाले. खिडक्यांसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटतो, हेही स्पष्ट झाले.

या चौकशीचे निष्कर्ष लपवून ठेवले गेले नाहीत. ते जगातील सर्व विमानकारखान्यांना उपलब्ध झाले. अमेरिकेतील बोइंग व डग्लस या स्पर्धक कंपन्यांनाही त्यांचा लाभ झाला. प्रवासी विमानाचे अंग पाण्याच्या टाकीत अथवा चाचणीगृहात हजारो आवर्तनांनी तपासण्याची पद्धत रूढ झाली. एका देशाच्या विमानांनी मोजलेली किंमत सर्व देशांच्या प्रवाशांच्या उपयोगी पडली.

सुधारित कॉमेट ४ ने ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिक महासागरावरील जेट सेवा सुरू केली. त्याच महिन्याच्या २६ तारखेस पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले. सोव्हिएत संघाने त्यापूर्वीच, १५ सप्टेंबर १९५६ रोजी, तुपोलेव्ह १०४ हे जेट विमान मॉस्को-इर्कुत्स्क मार्गावर आणले होते. अशा रीतीने सहा वर्षांत जेट प्रवास हा प्रयोग न राहता व्यवहार झाला.

भारतातील जेटयुग

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन छोटे पस मॉथ विमान मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरविले. येथून भारतीय विमानसेवेचा आरंभ होतो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे पंख्याचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन परदेशी सेवा एअर इंडियाकडे व अंतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली.

१९६० च्या आरंभी एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ दाखल झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. या विमानांना हिमालयाच्या शिखरांची नावे देण्यात आली होती. जून १९६२ मध्ये पंख्याची सर्व विमाने निवृत्त करून केवळ जेट विमाने वापरणारी जगातील पहिली विमानकंपनी होण्याचा मान एअर इंडियाने मिळविला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, अन्नधान्याच्या टंचाईशी झगडणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही कामगिरी लहान नव्हती. इंडियन एअरलाइन्सने १९६४ साली फ्रेंच बनावटीचे कॅरावेल, पुढे बोइंग ७३७ आणि १९७६ साली एअरबस ए ३०० ही जेट विमाने स्वीकारली. १९७१ साली एअर इंडियाकडे बोइंग ७४७ हे दुमजली महाकाय विमान आले व त्याचे नाव ‘एम्परर अशोक’ असे ठेवण्यात आले.

दोन धावपट्ट्यांची गफलत

जेट विमान वेगाने उतरते, म्हणून त्याला लांब धावपट्टी लागते. टाटांचे पस मॉथ जुहूच्या मैदानावर सहज उतरले, परंतु मोठ्या जेट विमानास भारासह उडण्यासाठी सुमारे तीन किलोमीटर लांबीची पक्की पट्टी हवी असते. जुहूची धावपट्टी जेमतेम ११०० मीटरची, तर सांताक्रूझची मुख्य धावपट्टी सुमारे ३४०० मीटरची. दोन्ही विमानतळ परस्परांपासून अगदी जवळ असून त्यांच्या पूर्व-पश्चिम धावपट्ट्यांची दिशाही जवळपास सारखी आहे. त्यामुळे वरून पाहणाऱ्या परक्या वैमानिकाची फसगत होऊ शकते.

तशी ती झालीही. जुलै १९५३ मध्ये एक कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूवर उतरले. काही दिवसांनी ते रिकामे करून तेथून उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डी. सी. ८ विमानाच्या बाबतीत पुन्हा तेच घडले. हे विमान तोकड्या धावपट्टीच्या पलीकडे गेले व दुरुस्तीपलीकडे मोडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. डोळ्यांना दिसले म्हणजे खात्री पटली असे न मानता यंत्रांनी दाखविलेल्या स्थानाशी ते ताडून पाहावे, हा बोध या दोन घटनांतून मिळतो.

सह्याद्रीची भिंत

ठाणे जिल्ह्याच्या भूगोलाचा जेट उड्डाणाशी निकटचा संबंध आहे. खाडीकाठची सखल भूमी, त्यामागे पारसिकचे डोंगर, मलंगगड व माथेरान, आणि पूर्वेस हजार मीटरहून अधिक उंचीची सह्याद्रीची रांग असा हा चढता क्रम आहे. पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या विमानाला ही भिंत ओलांडल्यावरच खाली उतरता येते. पंख्याच्या विमानांच्या काळातही पावसाळी ढगांनी या परिसरात घात केला होता. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान घाटकोपरच्या डोंगरावर आदळून ४५ जण ठार झाले होते.

जेटच्या वेगाने हा धोका कसा वाढतो, हे ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री दिसून आले. सिडनीहून निघालेले अलिटालिया कंपनीचे डी. सी. ८ विमान बँकॉकनंतर मुंबईस उतरणार होते. मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरवर, माळशेज घाटापलीकडे जुन्नर परिसरातील डोंगरावर ते सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्यू पावले. भर पावसाळ्यातील ती काळोखी रात्र होती. आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा अधिक जवळ आलो आहोत, असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने वेळेआधीच उंची कमी केली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. उपलब्ध मार्गदर्शक साधनांचा पुरेसा उपयोग न होणे, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली येणे आणि या मार्गावरील डोंगराळ भूभागाची ओळख नसणे ही साहाय्यक कारणे नोंदविण्यात आली.

हे ८४ किलोमीटरचे अंतर जेटच्या पूर्ण वेगाने साडेपाच मिनिटांचे आहे. बैलगाडीच्या वाटेवर पाच मिनिटांची चूक झाली तर गाडीवान वळून परत येतो. जेट विमानात तेवढ्याच चुकीमध्ये डोंगराची संपूर्ण रांग मावते.

साडेतीन वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातील ११७ जणांत भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा हे होते. तेथेही डोंगर ओलांडला की नाही, याविषयीच्या गैरसमजानेच घात केला. अशा अपघातांत विमान सुस्थितीत असते, इंजिने चालू असतात आणि वैमानिकही सावध असतो. केवळ स्थानाचे ज्ञान चुकीचे असते. यावर उपाय म्हणून अंतर दाखविणारी रेडिओ साधने, धावपट्टीच्या रेषेत उतरविणारी यंत्रणा आणि रडारचे मार्गदर्शन यांचा विस्तार झाला. १९७० च्या दशकापासून जमीन जवळ येताच वैमानिकास मोठ्याने इशारा देणारे यंत्र विमानात बसविणे सक्तीचे होत गेले. पुढे या यंत्रात जगभरच्या डोंगरांचा नकाशाच साठविण्यात आला. या एका साधनाने वाचविलेल्या प्राणांची गणना करणे कठीण आहे.

२८ मे १९६८ रोजी ठाणे जिल्ह्याने जेट अपघाताचा प्रत्यक्ष आघात अनुभवला. मुंबईहून कराचीकडे निघालेले गरुड इंडोनेशियन एअरवेजचे कॉन्व्हेअर ९९० विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच नालासोपाऱ्याजवळ कोसळले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. विमानातील सर्व २९ जणांबरोबर जमिनीवरील एका व्यक्तीचाही अंत झाला. विमानतळापासून दूर असलेल्या गावासही हवाई वाहतुकीची किंमत मोजावी लागू शकते, याची ही जाणीव होती.

वैमानिकाचे बदलते कार्य

पंख्याच्या विमानांच्या काळात हात, डोळा आणि धैर्य ही वैमानिकाची मुख्य साधने होती. जेट विमानात यांबरोबरच यंत्रांवरील विश्वास, त्या विश्वासाची सतत पडताळणी आणि सहकाऱ्यांशी सुसंवाद यांची गरज निर्माण झाली.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ सांताक्रूझहून दुबईकडे निघाले व काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जणांचा मृत्यू झाला. खाली काळोखा समुद्र, वर काळोखे आकाश आणि क्षितिजरेषा अदृश्य. अशा स्थितीत विमान कोणत्या बाजूस कलले आहे हे दाखविणारे कप्तानाचे यंत्र बिघडले होते. विमान उजवीकडे कलले आहे असे समजून ते डावीकडे वळविले जात राहिले. सहवैमानिकासमोरचे यंत्र वेगळे दाखवीत होते, परंतु दोन्हींचा मेळ घालण्यास वेळ उरला नाही. मनुष्याच्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय काळोखात फसते, हे वैमानिकास प्रथमपासून शिकविले जाते. तरीही काही क्षणांची गफलत किती महाग पडते, हे या घटनेने दाखविले.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील तेनेरिफ येथे दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. नागरी विमानवाहतुकीतील हा सर्वांत भीषण अपघात. त्यानंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवे तत्त्व आले. कनिष्ठाने शंका निर्भयपणे बोलून दाखवावी व वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, यासाठी रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. अधिकाराची उतरंड मानणाऱ्या कोणत्याही कार्यालयाने घेण्यासारखा हा धडा आहे.

भारतातही १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले. त्यानंतर दुसऱ्या विमानाची चाहूल देणारे यंत्र बसविणे आपल्या देशात बंधनकारक करण्यात आले.

या क्षेत्रात महाराष्ट्रातील वैमानिकांचे योगदान उल्लेखनीय आहे. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप विमानाच्या, सर्व कर्मचारी महिला असलेल्या उड्डाणाचे नेतृत्व केले. पुढे बोइंग ७३७ या जेट विमानाच्या त्या कमांडर झाल्या. वैमानिकाच्या आसनावर स्त्री असू शकते, हे त्या काळी अनेक प्रवाशांना प्रथमच दिसले. नागपूरच्या कुटुंबातील कॅप्टन दीपक साठे हे भारतीय हवाई दलाच्या अकादमीतील मानाची तलवार मिळविलेले अधिकारी व चाचणी-वैमानिक होते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथील पठारी धावपट्टीवर भर पावसात उतरताना त्यांचे बोइंग ७३७ पलीकडे घसरून दरीत पडले. १९० पैकी २१ जण दगावले. त्यांत साठे व त्यांचे सहवैमानिक हेही होते. चौकशी अहवालाने निर्धारित कार्यपद्धतीपासून झालेले विचलन हे संभाव्य कारण सांगितले आणि त्याबरोबर व्यवस्थेतील उणिवांकडेही लक्ष वेधले. अनुभव कितीही थोर असला तरी कार्यपद्धती त्याहून मोठी मानावी लागते, ही जेटयुगाची कठोर शिस्त आहे.

नेवाळीची धावपट्टी आणि भूमीचा प्रश्न

कल्याणजवळ मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी विमानतळ उभारला. त्यासाठी आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. सांताक्रूझचा तळही त्याच युद्धात वापरात होता. परंतु युद्धानंतर दोघांचे भाग्य वेगळे झाले. सांताक्रूझ मुंबईचा मुख्य विमानतळ बनला व जेटयुगाबरोबर विस्तारत गेला. नेवाळीची धावपट्टी मात्र ओस पडली.

युद्ध संपल्यावर जमिनी परत मिळतील, अशी शेतकरी कुटुंबांची अपेक्षा होती. पुढे ही जमीन संरक्षण खात्याकडे राहिली व मालकीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिला. जून २०१७ मध्ये तेथे संरक्षक भिंतीच्या कामावरून झालेल्या आंदोलनास हिंसक वळण लागले. नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर पर्यावरणविषयक आक्षेप आले तेव्हा, २०१० च्या सुमारास, पर्याय म्हणून कल्याणच्या या जागेचाही विचार झाला होता. अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये नवी मुंबईच्या जागेस पर्यावरण मंजुरी मिळाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले व डिसेंबर २०२५ मध्ये तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली.

या दोन जागांच्या इतिहासावरून एक गोष्ट लक्षात येते. विमानाला आकाशाइतकीच भूमीची गरज असते आणि ती भूमी बहुधा कोणाची तरी शेती असते. म्हणून भूसंपादनाच्या नोंदी, सात-बारावरील फेरफार, मोबदल्याची कागदपत्रे आणि संपादनाचा हेतू संपल्यावर जमिनीचे काय व्हावे याविषयीची तरतूद या बाबी धावपट्टीच्या बांधकामाइतक्याच काळजीपूर्वक व्हावयास हव्यात. ऐंशी वर्षांपूर्वी कागदोपत्री राहून गेलेली संदिग्धता आजही गावाची शांतता बिघडवू शकते, हे नेवाळीने दाखविले आहे.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

मुंबई आणि नवी मुंबई असे दोन मोठे विमानतळ जवळ असल्याने ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील स्थानिक संस्थांवर काही प्रत्यक्ष जबाबदाऱ्या येतात.

पहिली जबाबदारी इमारतींच्या उंचीची. विमानतळाभोवतीच्या ठरावीक परिघात इमारत, मनोरा अथवा चिमणी उभारण्यापूर्वी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. यासंबंधीचे नियम २०१५ साली प्रसिद्ध झाले असून कोणत्या भागात किती उंची चालेल हे दर्शविणारे रंगीत नकाशे तयार करण्यात आले आहेत. बांधकाम परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने हे नकाशे पाहिल्याखेरीज प्रकरण पुढे पाठवू नये.

दुसरी जबाबदारी कचऱ्याची. १९३७ च्या विमान नियमांतील नियम ९१ ने विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापणे व कचरा टाकणे यांस मनाई केलेली आहे. उघड्या कचऱ्यावर घारी व कावळे जमतात आणि इंजिनात शिरलेला पक्षी विमान खाली आणू शकतो. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्क येथे रानहंसांचा थवा आदळून एका एअरबस विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर यांनी ते हडसन नदीत अलगद उतरविले म्हणून सर्व १५५ जण बचावले. प्रत्येक वेळी नदी जवळ असेलच असे नाही. गावाचा कचरा वेळेवर उचलणे ही विमानसुरक्षेचीही सेवा आहे.

तिसरी जबाबदारी लोकशिक्षणाची. उतरणाऱ्या विमानावर लेसरचा झोत टाकल्यास वैमानिकाचे डोळे दिपतात. विमानतळाजवळ परवानगीशिवाय ड्रोन उडविणे हा २०२१ च्या ड्रोन नियमांचा भंग होतो. उत्सवात सोडलेले आकाशकंदीलही धोकादायक ठरतात. गणेशोत्सव मंडळे, लग्नसमारंभांचे आयोजक आणि विद्यार्थी यांना ही माहिती ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या माध्यमातून देता येईल.

चौथी जबाबदारी आपत्तीच्या तयारीची. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ उड्डाणानंतर लगेच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ व जमिनीवरील १९, असे २६० जण मृत्युमुखी पडले. डोंबिवलीसह महाराष्ट्रातील अनेक घरांवर त्या दिवशी दुःख कोसळले. अशा प्रसंगी पहिल्या अर्ध्या तासात पोहोचतात ते शेजारचे लोक, अग्निशामक दल आणि स्थानिक रुग्णालय. रस्ता मोकळा ठेवणे, जखमींना हलविणे आणि अवशेषांना हात न लावणे यांचा सराव तालुका पातळीवर झाला पाहिजे. अवशेषांचा एखादा तुकडाही चौकशीत निर्णायक ठरतो, हे कॉमेटच्या इतिहासावरून दिसलेच आहे. त्याचप्रमाणे चौकशी पूर्ण होण्यापूर्वी कोणा एकावर दोष ठेवण्याचा मोह आवरणे हेही नागरिकांचे कर्तव्य आहे.

शिक्षकांसाठी या विषयात अभ्यासाची विपुल सामग्री आहे. फुग्याने न्यूटनचा नियम, तारेने धातूचा थकवा, जिल्ह्याच्या उठावाच्या नकाशाने सुरक्षित उंची आणि वेग-अंतराच्या गणिताने साडेपाच मिनिटांचा अर्थ समजावून देता येतो. यांपैकी कोणत्याही प्रयोगास खर्च येत नाही.

जेट प्रवासी विमान आज अन्य अनेक वाहनांपेक्षा अधिक सुरक्षित मानले जाते. ही सुरक्षितता आपोआप आलेली नाही. समुद्रतळातून काढलेल्या तुकड्यांतून, जुन्नरच्या डोंगरावरील राखेतून आणि वांद्र्याच्या समुद्रातून ती एकेका नियमाने उभी राहिली आहे. ते नियम विमानतळाच्या कुंपणाशी संपत नाहीत. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात, ग्रामपंचायतीच्या कचराकुंडीपाशी आणि तलाठ्याच्या दप्तरातही त्यांचे पालन व्हावे लागते. ठाणे-कल्याणच्या आकाशातून जाणाऱ्या प्रत्येक विमानातील प्रवाशांचे क्षेम अंशतः या भूमीवरील माणसांच्या दक्षतेवर अवलंबून आहे.